माशीच्या बेटावरची टाचणी

मी एक जुना नकाशा आहे, अख्ख्या जगाचा, आणि माझ्यात भूत आहे असं या शाळेतली मुलं म्हणतात. अडगळीच्या खोलीची खिडकी उघडी राहिली की माझ्या अंगातून बारीक शीळ वाजते. खडूचं खोकं न्यायला आलेली मुलं ती ऐकतात आणि खोकं तिथेच टाकून धूम ठोकतात. मला आधी हसू येतं. मग थोड्या वेळाने येईनासं होतं. मित्रांनो, भुताचं मला ठाऊक नाही, पण शीळ खरी आहे. माझ्या अंगाला भोकं पडली आहेत आणि वारा त्यांतून जातो. ती भोकं कशी पडली, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे प्रत्येक रंग छापायला वेगळा सपाट दगड होता. आधी समुद्राचा निळा रंग, मग देशांचे गुलाबी, पिवळे, हिरवे आणि सगळ्यात शेवटी सीमांच्या काळ्या रेघा. कागद केसभर जरी सरकला तरी एका देशाची नदी दुसऱ्या देशात जायची, म्हणून छपाई करणारा माणूस श्वास रोखून कागद ठेवायचा. पुढे ज्यांनी ज्यांनी माझ्यावरच्या रेघा हलवल्या, त्यांनी एवढी काळजी कधी घेतली नाही. मग मला खळ लावून कापडावर चिकटवलं, वरून रोगण फिरवलं, खाली-वर लाकडी दांडे ठोकले. रोगण ओलं असतानाच एक माशी माझ्या दक्षिणेकडच्या समुद्रात येऊन बसली आणि जाताना आपला एक ठिपका मागे ठेवून गेली. तेवढा एक डाग सोडला तर मी देखणा होतो. खोटं कशाला बोलू, मला त्याची ऐटही होती.

या शाळेत मला भूगोलाच्या मास्तरांनी आणलं. मास्तर अंगाने काडी, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंही आपोआप भूगोल शिकायची. त्यांनी मला खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलं. मला पाठ करणं त्यांना मान्य नव्हतं. ते मुलांना दोरा द्यायचे. दोरा एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत धरायचा, मग खाली कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर ठेवायचा, अंतर काढायचं आणि बोट दिवसाला किती जाते त्यावरून किती दिवस लागतील ते सांगायचं. वर्गात एक उंच, किडकिडीत मुलगी होती. तिला या मोजण्याचं वेडच लागलं. ती बाक मोजायची, दार मोजायची, मास्तरांची सावली मोजायची. वर्गाने तिचं नाव फूटपट्टी ठेवलं आणि तेच कायमचं चिकटलं.

एकदा चाचणीत मास्तरांनी विचारलं, दक्षिण समुद्रातली बेटं सांगा. फूटपट्टीने माशीचा तो ठिपकाही बेटांमध्ये धरला. नुसता धरला नाही, किनाऱ्यापासूनचं त्याचं अंतरही काढून लिहिलं, आणि ते अगदी बरोबर होतं. मास्तर पोट धरधरून हसले. "शाब्बास गं! मोठमोठ्या खलाशांना सापडलं नाही ते तुला सापडलं." त्या दिवसापासून त्या ठिपक्याला सगळे माशीचं बेट म्हणू लागले.

फूटपट्टीला घरी न्यायला तिचा दादा यायचा. तो वर्गाच्या दारात उभा राहून मास्तरांच्या पाठीमागे त्यांच्याच नकला करायचा आणि सगळा वर्ग तोंड दाबून हसायचा. माशीच्या बेटाची गोष्ट ऐकल्यावर तो रोज बहिणीला चिडवायचा. "मी मोठा झालो की तुझ्या बेटावरच राहायला जाणार. तिथे शाळा नाही आणि तूही नाहीस. काय मजा येईल!" ती दप्तर उगारून त्याच्या मागे धावायची. त्यांच्या पायांचा आवाज जिन्यावरून खाली जायचा तो मला अजून ऐकू येतो. कधीकधी शाळेला सुट्टी असतानाही येतो.

मग १९१४ साल उजाडलं. दूरच्या एका शहरात, भर रस्त्यात, एका राजघराण्याच्या वारसाला आणि त्याच्या बायकोला कुणीतरी गोळ्या घातल्या. मित्रांनो, दोन माणसांच्या खुनासाठी सगळं जग का लढेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण देशांनी आपापसांत करार करून ठेवले होते. तुझ्यावर कुणी चालून आलं तर मी येईन, माझ्यावर आलं तर तू ये. एकाने दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि काही आठवड्यांत माझे निम्मे रंग एकमेकांवर धावून गेले. थंडी पडायच्या आत सगळं आटोपेल, असं लोक म्हणत होते. लढाई चार वर्षं चालली. सैनिक चिखलात खणलेल्या चरांमध्ये राहत होते. समोरच्या चरातली मुलंही तेवढ्याच वयाची होती आणि तीही थंडीने तेवढीच कुडकुडत होती.

शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या घरून कुणी ना कुणी गेलं. मुलं सारखी विचारायची, माझे बाबा कुठे आहेत, माझा मामा कुठे आहे. तेव्हा मास्तरांनी टाचण्यांची एक पद्धत पाडली. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याने एक टाचणी आणायची. घरी खुशाली कळली की दर सोमवारी मास्तर ती नव्या ठिकाणी टोचायचे. जो माणूस परत येईल, त्याने स्वतः शाळेत यायचं, स्टुलावर चढायचं आणि आपली टाचणी आपल्या हाताने काढायची. तेव्हा सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. आणि जो परत येणार नव्हता, त्याची टाचणी मास्तर शाळा सुटल्यावर, वर्ग रिकामा झाल्यावर काढायचे.

सकाळी मुलं वर्गात शिरली की आधी माझ्याकडे बघायची. कुणी आवाज करायचं नाही. जिथे काल टाचणी होती तिथे आज नुसतं भोक दिसलं की ते मूल दप्तर न उतरवता तसंच उभं राहायचं. त्या नजरा मी भिंतीवरून झेलल्या आहेत. टाचणी आत जाताना मला फारसं दुखलं नाही. बाहेर निघाल्यावर मात्र ती जागा ठणकत राहायची.

फूटपट्टीचा दादाही गेला. तिने आणलेल्या टाचणीच्या डोक्याला निळी लोकर गुंडाळलेली होती. त्याच्याच स्वेटरच्या बाहीतून तिने ती ओढून काढली होती. "ओळखायला सोपी," ती म्हणाली. "आणि बाही उसवली म्हणून तो आल्यावर माझ्याशी भांडेल. भांडायला तरी येईलच ना?"

एके दिवशी मधल्या सुट्टीत पोस्टमन वर्गात आला. वाईट बातमी असली की तो आधी मास्तरांना सांगायचा आणि मगच त्या घरी जायचा. एकट्याने ते दार वाजवण्याचा त्याला धीर होत नसे. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्याकडे बघून निळ्या टाचणीवर बोट ठेवलं. मास्तर त्याच्यासोबत फूटपट्टीच्या घरी गेले.

शाळा सुटल्यावर मास्तर टाचणी काढायला स्टुलावर चढले, तेवढ्यात दारात फूटपट्टीची आई येऊन उभी राहिली. तिच्या हाताला अजून पीठ लागलेलं होतं.

"मास्तर, ती काढू नका."

"बाई, उद्या सकाळी ती टाचणी जागेवर बघेल आणि दादा आहे असंच तिला वाटेल."

"वाटू दे. टाचणी आहे तिथेच असू दे. तिला एवढ्यात सांगू नका. वडील गेले तेव्हा पोर महिनाभर जेवली नव्हती. थोडे दिवस जाऊ दे, मीच सांगेन." मग तिने पदराने हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. "तुमच्या पाया पडते मी."

मास्तरांनी हात मागे घेतला. मित्रांनो, ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं मन मेणाचं होतं, एवढंच.

पण सोमवार थांबतो थोडाच? सोमवार आला आणि फूटपट्टीने विचारलं, "मास्तर, दादाची टाचणी?" मास्तर म्हणाले, टपाल उशिरा येतंय. पुढच्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी तिचे डोळे भरून आले आणि मास्तरांना ते बघवलं नाही. त्यांनी निळी टाचणी उचलली आणि एका शांत बंदरात टोचली. "इथे हलवलंय त्याला. तब्येत ठणठणीत आहे." वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला, नकाशाच्या अंगावर येत असेल तर. गेलेला माणूस माझ्या अंगावरून चालत असल्याचं मला जाणवत होतं.

त्यानंतर मास्तर त्याला दर सोमवारी पुढे नेऊ लागले, युद्धापासून लांब, आणखी लांब, उबदार समुद्रांकडे. आणि मग त्याहून विलक्षण गोष्ट घडली. एका संध्याकाळी मुलं गेल्यावर फूटपट्टीची आई वर्गात आली. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, आता कुठे पोचला तो?"

बातमी तर मास्तरांनीच घरी जाऊन तिला सांगितली होती. काढू नका म्हणून विनवणारीही तीच होती.

"बाई, तुम्हाला तर..."

"मला माहीत आहे हो," ती म्हणाली. "पण पोरगी घरी येऊन सांगते, दादा आज इथे आहे, तिथे ऊन असतं, तिथे बोटी येतात. ऐकायला बरं वाटतं. दाखवा ना, कुठे आहे?"

मास्तरांनी दाखवलं. मग ती रोज यायला लागली. टाचणीला हात लावायची नाही. नुसती जवळ उभी राहायची, मूल झोपलंय का बघायला आई उभी राहते तशी. तिचा श्वास माझ्या कागदाला लागायचा. सांगून टाकायला मला तोंड नव्हतं, आणि असतं तरी सांगितलं असतं की नाही, देव जाणे.

एका सोमवारी फूटपट्टी दोरा घेऊन पुढे आली. तिने दादाच्या मागच्या भोकापासून आजच्या टाचणीपर्यंत दोरा धरला, मोजपट्टीवर ठेवला, ओठ हलवत हिशेब केला. मग पुन्हा मोजला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी गेलीच नाही.

"मास्तर, एका आठवड्यात एवढं अंतर कुठलीच बोट जात नाही. तुम्हीच शिकवलंय."

मास्तरांच्या हातातला खडू मोडला.

"दादा कुठे आहे, मास्तर? खरं सांगा."

त्यांनी खरं सांगितलं. एका बाकावर, तिच्या शेजारी बसून सांगितलं. तेवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण मला जेमतेम ऐकू आलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "आईला माहीत आहे?" मास्तरांनी मान हलवली. "आणि तरी ती रोज इथे येते?" मास्तरांनी पुन्हा मान हलवली.

फूटपट्टी माझ्याकडे वळली. मग तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि निळी टाचणी काढून माशीच्या बेटावर टोचली. अगदी ठिपक्याच्या मधोमध.

"इथे कुणी लढायला जाणार नाही," ती म्हणाली. "हे बेट कुणाला सापडतच नाही. आणि त्याला इथेच राहायचं होतं."

थोड्या वेळाने आई आली. मुलीला तिथे बघून ती दारातच थबकली. मुलीच्या चेहऱ्यावरून, आता तिलाही माहीत आहे, हे आईला कळलं.

"आई, दादा आता या बेटावर आहे. बेट लहान आहे, पण तिथे लढाई नाही. आता त्याला तिथून हलवायचं नाही."

आईने ठिपका बघितला. तिने पहिल्यांदाच टाचणीच्या लोकरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरं झालं. दमला असेल." मग ती खाली बसली आणि मोठ्याने रडली. इतके महिने अडवून ठेवलेलं सगळं तिने त्या वर्गात रडून घेतलं आणि मुलगीही तिच्या कुशीत शिरून रडली. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

१९१८ साली ते युद्ध संपलं. जवळजवळ एक कोटी सैनिक मेले होते. मोठमोठी साम्राज्यं कोसळली, नवे देश झाले आणि मास्तरांनी माझ्यावर खळीने कागदाची ठिगळं चिकटवून नव्या सीमा आखल्या. जी माणसं परत आली, त्यांनी स्टुलावर चढून आपापल्या टाचण्या काढल्या. सगळ्या निघाल्या. एक राहिली.

आता असं युद्ध पुन्हा होणार नाही, असं मोठी माणसं म्हणाली. माझी ठिगळं अजून धड वाळलीही नव्हती, असं मला वाटतं. हरलेल्यांच्या मनात राग धुमसत राहिला, लोकांचे रोजगार गेले, आणि सगळा दोष अमक्या जातीचा, तमक्या वंशाचा, असं ओरडून सांगणाऱ्यांना गर्दी मिळू लागली. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं.

तेव्हा माझ्यासमोर फूटपट्टी उभी होती. ती आता या शाळेत बाई झाली होती. मुलं मागून तिला फूटपट्टीबाई म्हणायची आणि तिला ते माहीत होतं. मुलांनी टाचण्या आणल्या, तेव्हा तिने एकच गोष्ट बदलली. बातमी आली की ती त्याच दिवशी, त्या मुलाचा हात हातात घेऊन सांगायची. टाचणी दोघं मिळून काढायची. "खोट्या टाचणीवर जगता येतं," ती एकदा म्हणाली, "पण फार एकटं वाटतं."

पण या वेळी युद्ध सैनिकांपुरतं राहिलं नाही. विमानं आली. झोपलेल्या शहरांवर बॉम्ब पडू लागले. माणसांना, लहान मुलांनासुद्धा, केवळ ती अमुक घरात जन्मली म्हणून छावण्यांमध्ये नेऊन मारलं गेलं. आणि एका सकाळी आमच्याच गावात, दुधाच्या रांगेवर बॉम्ब पडला. त्या दिवशी पोस्टमन आला नाही. बाईंनी हजेरी घेतली. काही नावांना उत्तर आलं नाही. अशा प्रत्येक नावाला बाई थांबत होत्या आणि वाट बघत होत्या.

मग त्यांनी टाचण्या घेतल्या आणि पहिल्यांदाच आमच्या स्वतःच्या गावावर टोचल्या. त्या दिवसानंतरही टोचत राहाव्या लागल्या. आमच्या गावाचा ठिपका शेवटी उरलाच नाही. तिथे आता करंगळी जाईल एवढं भोक आहे. माझी शीळ सगळ्यात जास्त तिथूनच वाजते. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर एकेक अणुबॉम्ब पडला, तेव्हा बाईंनी ती दोन्ही नावं मुलांना माझ्यावर दाखवली आणि टाचण्यांची डबी बंद केली. "एवढ्या टाचण्या जगात नाहीत," त्या म्हणाल्या. त्या युद्धात सहा-सात कोटी माणसं गेली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त सैनिक नव्हती.

पुढे बाई म्हाताऱ्या झाल्या, निवृत्त झाल्या आणि एक दिवस गेल्या. नवे नकाशे आले, मग हलती चित्रं दाखवणारे पडदे आले. मी अडगळीत पडलो. उंदरांनी माझा एक ध्रुव खाल्ला. त्याचं मला वाईट वाटत नाही, तिकडे कुणाची टाचणी नव्हती.

मग परवा काय झालं ते ऐका. हल्लीचे सर महायुद्धं शिकवत होते आणि नेमकी वीज गेली. पडद्यावरचे रणगाडे गडप झाले, मुलं हिरमुसली. सरांनी मला अडगळीतून आणलं. भिंतीला खिळा नव्हता, म्हणून खिडकीच्या गजांना बांधलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"सर, पण शेवटी जिंकलं कोण?" एका मुलाने विचारलं.

सर उत्तर देणार तेवढ्यात सगळे इकडेतिकडे बघू लागले. माझ्या भोकांमधून ऊन आत आलं होतं. वर्गभर उजेडाचे ठिपके पडले होते, बाकांवर, गणवेशांवर, गालांवर. विचारणाऱ्या मुलाच्या छातीवर आमच्या गावाचा मोठा ठिपका होता. त्याने तो हाताने झटकला. तो हातावर आला. त्याने हात हळूच खाली घेतला आणि पुन्हा प्रश्न विचारला नाही.

तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून माझ्याजवळ आली. ती शाळेत नवीन होती आणि फारशी बोलत नसे. तिला ती गंजलेली टाचणी दिसली, लोकरीचा एक धागा अजून चिकटलेला.

"सर, ही कुणाची?"

"माहीत नाही गं. इथे तर बेटही नाही, नुसता डाग आहे. काढून टाकू का?"

"नको," ती पटकन म्हणाली. का ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिने सूचनाफलकावरची एक टाचणी काढून आणली. "सर, माझे बाबा तिकडे आहेत. जिथे आत्ता लढाई चालू आहे ना, तिथे. रुग्णवाहिका चालवतात. मी टोचू?"

सरांनी स्टूल पुढे सरकवलं. ती चढली. तिने जागा शोधली, पुन्हा पुन्हा तपासली, आणि टाचणी टोचली.

मित्रांनो, मला वाटलं होतं, आता मी जुनापुराणा झालो, आता मला कुणी टोचणार नाही. मला जपून ठेवा, माझी धूळ झटका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातल्या काहींच्या हातात रेघा आखायचं काम येईल, काहींच्या हातात बंदूक दिली जाईल, आणि बाकीचे गर्दीत उभे असाल. तेव्हा कुणी ओरडून सांगायला लागलं की समोरची माणसं माणसं नाहीत, तर या वर्गात पडलेले उजेडाचे ठिपके आठवा. माझं मागणं एवढंच आहे.

स्टूल अजून माझ्यासमोरच आहे. सरांनी ते हलवू दिलेलं नाही. ती मुलगी रोज सकाळी वर्गात शिरताना आधी माझ्याकडे बघते, आणि मी टाचणी घट्ट धरून असतो. ही टाचणी तिच्या बाबांनीच, त्यांच्या हाताने काढावी. मला पुन्हा टाळ्या ऐकायच्या आहेत.